हिंगाच्या डबीखालचा अरबी समुद्र

त्या सकाळी मी वन्संना फोन लावणारच होते. मोबाइलवर ढगांचं चित्र उघडलेलं होतं, गुजरातच्या खालून एक काळी पट्टी आत घुसलेली दिसत होती, आणि ही काय भानगड आहे ते विचारायचं होतं. खरं तर उत्तर मला माहीत होतं. कोरडी हवा. पण आपल्याला आलेलं उत्तर वन्संच्या तोंडून ऐकलं की शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं, आणि या वयात शाबासकी देणारी माणसं उरतात किती? नाव शोधत होते तेवढ्यात त्यांचाच फोन आला. म्हटलं, घ्या, शंभर वर्षं आयुष्य! उचलला तर आवाज त्यांच्या शेजारणीचा. "काकू, तुम्ही लवकर या... ताई उठवून उठत नाहीत."

पडेगावाहून औरंगपुऱ्यापर्यंत रिक्षात बसून मी नुसती आभाळाकडे बघत होते. जाऊन पाहिलं तर वन्सं खिडकीजवळच्या खुर्चीत, चष्मा नाकावर, चहा अर्धा प्यालेला, आणि मांडीवर त्यांचा टॅब, पडदा विझलेला. घाईत कुठं निघून गेल्यासारखं काहीच नव्हतं. दुपारी सगळं आटोपत असताना आभाळ भरून आलं. गर्दीतलं कुणीतरी सवयीनं म्हणालं, "येतोय का काय? कुमुदताईला विचा..." आणि वाक्य तिथंच तुटलं. पाऊस आला नाही. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "नुसता वरचा पातळ ढग आहे. दिसायला लई, करायला काय नाय."

याला आता सव्वा महिना झाला. वन्सं म्हणजे कुमुद, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, माझी एकुलती एक नणंद. माझ्यापेक्षा दोनच महिन्यांनी मोठ्या, पण ते दोन महिने त्यांनी आयुष्यभर वापरले. नोकरी वेधशाळेत. आयुष्यभर त्यांनी आभाळाची नोंद केली, खालून आणि वरून. खालून म्हणजे छपरावर उभं राहून, मान वर करून. वरून म्हणजे उपग्रहाच्या चित्रांतून. हे 'वरून' त्यांचं खरं प्रेम, आणि त्यांच्या लग्नाच्या आड मी एकदा आले होते. की नव्हते आले? तो हिशेब अजून लागलेला नाही, म्हणून तर लिहायला बसले.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा आमचं बिऱ्हाड औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. सासूबाई, आमचे हे, वन्सं आणि मी. मी बारावी पास, दिसायला बरी, आणि अकलेनं... जाऊ द्या. एवढंच सांगते की वन्संनी पहिल्यांदा घरी उपग्रहाचं चित्र आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, "अगंबाई, हे तर दह्याला बुरशी आल्यासारखं दिसतंय." वर आणखी, भारताच्या भोवती आणि राज्यांच्या मधे ज्या रेघा होत्या, त्या वरून बघितलं की खरंच तशा दिसतात असं मला वाटलं होतं. मी विचारलंसुद्धा, "वन्सं, या रेघा कुणी मारल्या असतील हो एवढ्या लांब?" त्या हसल्या नाहीत. गंभीरपणे म्हणाल्या, "चुन्याच्या फक्कीनं मारतात. दर पावसाळ्यानंतर." ही गोष्ट मी माहेरी जाऊन चारचौघांत सांगितली. त्यावर माझ्या वडिलांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मला अजून विसरता येत नाही.

वेधशाळेत मशीनवर ही चित्रं यायची, लांबलचक कागदावर, धुरकट. काम झालं की जुने कागद टाकून द्यायचे, ते वन्सं घरी आणायच्या आणि मी ते स्वयंपाकघराच्या फळीवर डब्यांखाली अंथरायची. इतरांच्या फळ्यांवर वर्तमानपत्र, आमच्या फळीवर ढग. हिंगाच्या डबीखाली अरबी समुद्र, मिठाच्या बरणीखाली श्रीलंका. सासूबाई म्हणायच्या, "कुमे, पगारात कागद मिळतेत का गं?" आणि वन्सं म्हणायच्या, "व्हय, सरकारला पगार परवडत नाय म्हणून."

नोकरी पाळ्यांची. आभाळ काही दहा ते पाच नसतं, त्यामुळं आठवड्यातून दोनदा रात्रपाळी. सकाळी उजाडता उजाडता वन्सं यायच्या, आणि खालच्या दाराची कडी काढायला उठायचं मी. सासूबाई त्यांच्यासाठी दूध तापवून ठेवायला लावायच्या. तापवायचंही मीच. वन्संचे डोळे तारवटलेले, केस विस्कटलेले, पण चेहरा असा उजळलेला की जणू जत्रेतून आल्यात. त्या पेला तोंडाला लावत कालचा ढग कुठं गेला ते सांगायच्या आणि मी मनात म्हणायची, गेला असेल खड्ड्यात. मला जळायला दुसरं काही लागायचंच नाही.

मग हर्सूलचं स्थळ आलं. तिथं मोठा तुरुंग, म्हणून आमचे हे म्हणाले, "हर्सूलचं? तुरुंगाच्या आतलं का बाहेरचं?" सासूबाईंनी त्यांना लाटणं दाखवलं. स्थळ खरंच चांगलं होतं. सरकारी कचेरीत नोकरी, तलावाच्या बाजूला स्वतःचा बंगला, पुढं आंब्याची दोन झाडं. बंगला मी पाहिलेला नव्हता, पण त्या झाडांसकट तो माझ्या छातीवर बसला. नोकरीही यांना, आणि बंगलाही यांनाच? सासूबाईंनी घरात हुकूम काढला होता की पाहुण्यांसमोर रात्रपाळी हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. त्या काळात मुलीनं नोकरी करणं एकवेळ खपायचं, पण रात्री घराबाहेर? विचारलंच तर 'सकाळची लवकरची ड्यूटी असते' असं सांगायचं, हे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पाहुणे आले. मुलगा, मुलाची आई आणि एक काका. मी पोहे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईनं वन्संकडं बघून नुसतं म्हटलं, "पोरगी जरा सुकल्यासारखी दिसते." आणि मी, पदर सावरत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "जागरण होतं ना त्यांना. आठवड्यातून दोनदा रात्रपाळी असते." काकांनी बशी खाली ठेवली. इथं थांबायला हरकत नव्हती. पण मी पुढं म्हणाले, "एकट्या ह्याच हो. बाकी सगळे पुरुष." हे दुसरं वाक्य कुणीही मागितलेलं नव्हतं.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि पोह्यांत मीठ जास्त झालं होतं असं शेजारीपाजारी सांगत राहिल्या. वन्सं नेहमीसारख्या पाळीवर गेल्या. त्या आठवड्यात त्यांनी नवे कागद आणले, मी मान खाली घालून ते फळीवर अंथरले. पुढं स्थळं येत राहिली, मग विरळ झाली, मग थांबली. वन्संच्या बदल्या झाल्या, बाहेरगावी गेल्या, परत आल्या, निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही ते नाहीच. जीभ घसरली, असं मी चाळीस वर्षं जगाला सांगत आले. जीभ घसरली नव्हती. जीभ अगदी नेम धरून टाकली होती, आणि हे मला एकटीला माहीत होतं.

आता एवढं पाप पोटात असताना माणूस काय करतं? गोड वागतं. दिवाळीचं पहिलं ताट वन्संना. उन्हाळ्यात नव्या कुरडयांचा पहिला डबा वन्संना. कैरीच्या लोणच्याची बरणी दर वर्षी वन्संना. सासूबाई गेल्यावर आम्ही पडेगावला घर बांधलं, त्यांना कितीदा म्हटलं आमच्याकडं राहायला या, पण त्या औरंगपुऱ्याच्या दोन खोल्या सोडायला तयार नव्हत्या. मग मीच आठवड्यातून एकदा जायचे. तिथं त्यांच्या टॅबवर ती चित्रं बघायची मला सवय लागली, आणि साठी ओलांडल्यावर माझं शिक्षण पुन्हा सुरू झालं.

सुरुवात झाली ती माझ्या कुरडयांमुळे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकच चित्र शिकले होते, आपल्या डोळ्यांना दिसतं तसं. त्याचं तत्त्व अगदी सोपं. सूर्याचा उजेड ढगावर पडतो, उलटून उपग्रहाकडं जातो. ढग जाड तेवढा पांढरा. समुद्र उजेड गिळतो, म्हणून काळा. पांढरं म्हणजे ढग, काळं म्हणजे मोकळं, एवढ्या भांडवलावर मी पडेगावात हवामानतज्ज्ञ म्हणून मिरवत होते. तीन दिवस गहू भिजवलेले, चीक काढून ठेवलेला, आणि सून विचारत होती, "आई, अवकाळीचं काही नाही ना?" पहाटे पाचला उठून मी मोबाइल बघितला. आणि काय सांगू! काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, दोन्ही समुद्रांसकट, सगळं काळंभोर. एक ठिपका पांढरा नाही. मी सुनेला हाक मारली, "मंजू, लाव पातेलं! अख्ख्या देशात एक ढग नाही आज!"

सात वाजेपर्यंत आम्ही दोघींनी गच्ची भरून कुरडया घातल्या. काय सुंदर घातल्या होत्या म्हणून सांगू, प्रत्येकीचे पदर मोजून घ्यावेत. नऊला पश्चिमेकडून आभाळ आलं, दौलताबादच्या बाजूनं. साडेदहाला टपोरे थेंब. अकराला गच्चीवर परत चीक झाला होता, फक्त आता त्यात पाणी जास्त होतं. मी रागानं वन्संना फोन केला. "तुमचा उपग्रह खोटारडा आहे!" त्यांनी शांतपणे विचारलं, "किती वाजता बघितलंस?" म्हटलं, "पाचला." पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग लक्षात आलं, त्या हसत होत्या, आवाज न करता, पोट धरून. "वहिनी," त्या शेवटी म्हणाल्या, "पाच वाजता सूर्य असतो का गं? दिवा लावायच्या आधी घराचा फोटो काढला तू, आणि म्हणतेस घरात पसारा नाय."

त्या दुपारी मी रिक्षा करून त्यांच्याकडं गेले, भांडायला. त्यांनी मला ओट्यापाशी उभं केलं, तवा तापवला, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "डोळे मीट. आता हात पुढं कर. तवा कुठंय, सांग." मी तव्याच्या वर हात धरला. धग लागली. "दिसतोय का तवा?" नाही. "पण कळतोय ना?" हे दुसरं चित्र. उष्णतेचं. जमीन, समुद्र, ढग, सगळ्यांतून उष्णता बाहेर पडत असते, दिवसा आणि रात्री. उपग्रह ती बघतो, त्याला सूर्य लागत नाही. त्यात गरम ते काळं दाखवतात आणि थंड ते पांढरं. ढग जितका उंच, त्याचा माथा तितका थंड, म्हणून तितका पांढराशुभ्र. मी म्हटलं, "म्हणजे रात्रपाळीला तुम्ही हे बघायच्या?" बोलून गेले आणि जीभ चावली. चाळीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्यासमोर काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "हेच," आणि गॅस पुन्हा पेटवून तव्यावर पोळी टाकली.

दुसरं चित्र कळल्यावर मी पहिल्याला कमी लेखायला लागले, नवी सून आली की जुनीला विसरावं तसं. आणि पुन्हा फसले. एका सकाळी उष्णतेच्या चित्रात आपल्या भागावर नुसतं फिकट करडं, काही नाही. मी छत्री न घेता दौलताबाद रस्त्याला फिरायला गेले आणि झिमझिम पावसात चिंब होऊन आले. वन्संचा खुलासा तयारच होता. "तो खालचा ढग. जमिनीच्या इतका जवळ, की जवळपास जमिनीइतकाच गरम. उष्णतेच्या चित्रात तो जमिनीतच मिसळून जातो, चटकन ओळखूच येत नाय. पण भिजवतो. तुझ्यासारखा आहे अगदी." मी विचारलं, "माझ्यासारखा म्हणजे?" त्या म्हणाल्या, "दिसत नाय, पण भिजवतो." हे हर्सूलबद्दल होतं का? त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. निरभ्र. म्हणूनच तर भीती वाटली.

अशी मी शिकत गेले. एक उपग्रह वर छत्तीस हजार किलोमीटरवर, पृथ्वी फिरते त्याच वेगानं तिच्याबरोबर फिरतो, म्हणून आपल्यावर कायम टांगल्यासारखा असतो. दुसरे बरेच खालून, ध्रुवाकडून ध्रुवाकडं जातात, बारीकसारीक दाखवतात, पण एकेक उपग्रह आपल्यावरून दिवसातून दोनदाच. मी म्हटलं, "कळलं. पहिला म्हणजे आपल्या सासूबाई, जिन्याच्या तोंडाशी पाट टाकून बसलेल्या. लांबून, पण सारखं लक्ष. दुसरी मी, कपडे वाळत घालायच्या निमित्तानं दोनदाच फेरी मारणार, पण शेजाऱ्यांच्या पातेल्यात काय शिजतंय तेसुद्धा बघून येणार." हे वन्संना इतकं आवडलं की त्यांनी वेधशाळेतल्या जुन्या मैत्रिणीला लगेच फोन करून सांगितलं. टीव्हीवर एकदा बंगालच्या उपसागरात लालभडक गोळा दिसला, तेव्हा मी घाबरून विचारलं होतं, समुद्राला आग लागली का. तर म्हणे, रंग माणसांनी भरलेले असतात, सगळ्यात थंड माथा चटकन नजरेत यावा म्हणून. म्हणजे सगळ्यात गार ते लाल! यावर माझा अजूनही आक्षेप आहे. आणि कुणी कितीही विचारलं तरी वन्सं 'पाऊस येणार' असं छातीठोक कधी म्हणायच्या नाहीत. "चित्र ढगाचं असतं, पावसाचं नसतं," एवढंच.

तिसरं चित्र मात्र त्यांनी मला शेवटी शिकवलं, जायच्या आठ दिवस आधी. बाष्पाचं. मी कुरडया घेऊन गेले होते. चहा उकळत होता. त्यांनी किटलीच्या तोंडाकडं बोट दाखवलं. "वाफ कुठून सुरू होते बघ." मी चष्मा लावून बघितलं. आयुष्यात हजारो वेळा चहा केला असेल, पण हे कधी पाहिलं नव्हतं. तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी होती, स्वच्छ, आरपार. त्याच्या पुढं पांढरा धूर. "तो पांढरा धूर म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. ढगच तो. खरं बाष्प त्या रिकाम्या जागेत आहे. ते डोळ्याला कधीच दिसत नाय. पण उष्णतेतला एक भाग असा असतो, की तो बाष्प अडवून धरतं आणि आपली स्वतःची वर सोडतं. उपग्रह नेमकं तेवढंच बघतो. मग जमीन दिसत नाय, खालचे ढग दिसत नाय, दिसते ती वरच्या हवेतली ओल. पांढरं तिथं ओल, काळं तिथं कोरडं. ढग नसेल तिथंसुद्धा."

"ढग नसेल तिथंसुद्धा?" मी विचारलं.

"ढग व्हायच्या आधीसुद्धा. आणि झाला नाय तरीसुद्धा."

आम्ही दोघी टॅबवर ते चित्र बघत बसलो. राखाडी धुराचे लांबच लांब पदर, एकमेकांत वळत चाललेले, इराणपासून थेट आपल्यावर. आणि मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही.

"वन्सं, एक विचारू?"

"ढगाचं असेल तर विचार."

"हर्सूलचं आहे."

त्यांनी टॅबवरून डोळे काढले नाहीत. मी म्हटलं, "ते रात्रपाळीचं... ते माझ्या तोंडून निसटलं नव्हतं. मी मुद्दाम बोलले होते."

"व्हय. माहितेय मला."

"कधीपासून?"

"आदल्या दिवशीपासून."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी टॅब बाजूला ठेवला, कुरडईचा तुकडा मोडून तोंडात टाकला, कच्चाच, आणि म्हणाल्या, "आदल्या दिवशी जिन्यात मी तुला काय सांगितलं होतं? 'वहिनी, उद्या काय वाट्टेल ते बोल, पण रात्रपाळीचं तेवढं बोलू नको, नाय तर स्थळ हातचं जाईल.' सांगितलं होतं का नाय?"

"पण सासूबाईंनी आधीच बजावलं होतं की. तुम्ही परत सांगायचं कारण काय?"

"आईला तू भ्यायचीस. तिचं ऐकलं असतंस कदाचित. माझं ऐकणार नाय, हे पक्कं होतं. तुला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की तू करणार... वहिनी, नोकरीत इतके अंदाज बघितले, पण एवढा खात्रीचा एक नव्हता." मग म्हणाल्या, "त्या लोकांनी निरोप धाडला होता, लग्नानंतर नोकरी सोडायची. आईनं व्हय म्हटलं होतं. मला कुणी विचारलं नाय. आणि त्याच महिन्यात आमच्याकडं रात्रीची चित्रं यायला लागणार होती, उष्णतेची. तोवर रात्र म्हणजे नुसती काळी. मला ते बघायचं होतं गं. बंगल्याचं काय करू मी?"

चाळीस वर्षं मी स्वतःला गुन्हेगार समजत होते, आणि निघाले काय तर नुसतं हत्यार! खोटं कशाला सांगू, आधी राग आला. "मग मला सांगायचं नाही का? मी एवढी वर्षं जिवाला खात बसले!"

"तू विचारलंस कधी?" आणि मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "आणि सांगितलं असतं तर? दिवाळीचं पहिलं ताट बंद. कुरडया बंद. लोणचं बंद. मला काय येड लागलंय?"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. निघताना जिन्यात त्या नेहमीसारख्या वरून म्हणाल्या, "छत्री आणलीस का? नाय म्हणजे गरज नाय, पण आणलीस का?" ती शेवटची भेट.

आता खरी गंमत सांगते. त्या गेल्यावर माझ्या मनात शंका शिरली. वन्सं खरं बोलल्या, की म्हातारीच्या जिवावरचं ओझं उतरावं म्हणून तिथल्या तिथं रचून सांगितलं? त्यांना ते सहज जमलं असतं. चुन्याच्या फक्कीची गोष्ट त्यांनी कशी सांगितली होती, विसरले नाही मी. मी जिना आठवून बघते. संध्याकाळची वेळ, त्या वर येताहेत, मी कपड्यांची बादली घेऊन खाली, त्या काहीतरी म्हणतात... तेच म्हणाल्या होत्या का? आठवतंय खरं. पण ते आठवतंय, की त्यांनी सांगितल्यामुळं आठवायला लागलंय, ते काही कळत नाही. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "हर्सूल? कोणतं हर्सूल?"

मागच्या आठवड्यात मंजू आणि मी खोल्या आवरायला गेलो. स्वयंपाकघराची फळी तीच. डबे उतरवले तर खाली अजून तेच कागद, एकावर एक, पिवळे पडलेले. आधी मी आणि मग वन्सं, जुने कधी कुणी काढलेच नव्हते, वरून नवे घालत गेलो होतो. मी मोड्यावर बसून एकेक सोडवायला लागले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख आणि वेळ, वन्संच्या टोकदार अक्षरात. आणि मला एकदम सुचलं. उष्णतेचं पहिलं चित्र कधी आलं ते सापडलं, तर कळेल. हर्सूलचे पाहुणे चैत्रात आले होते, हे मला पक्कं आठवतं, कारण त्यांना पन्हं दिलं होतं. चैत्राचं चित्र निघालं, तर वन्सं खऱ्या. मंजू म्हणाली, "आई, काय शोधताय?" म्हटलं, "पुरावा."

तळाकडचा एक कागद खालच्या कागदांना चिकटलेला होता. ओलं फडकं ठेवून, हळूहळू, उलथन्यानं सोडवला. रात्रीचं चित्र. वेळ अडीचची. ढगांचा एक पांढरा पट्टा, आणि खाली पेन्सिलीनं एकच शब्द, 'पहिलं', त्यापुढं उद्गारचिन्ह. वन्सं उद्गारचिन्हं देणाऱ्या बाई नव्हत्या. त्याच्या शेजारी तारीख असणार. होतीच. पण त्या जागी तेलाचा भला मोठा डाग, कागद आरपार दिसेल इतका मुरलेला. वर लोणच्याची बरणी असायची. बरणी माझी, लोणचं माझं, आणि झाकण सैल लावायची सवयही माझीच. मी तो कागद उजेडाकडं धरला, भिंग लावलं, मंजूच्या मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघितला. आकडा दिसत नाही. उद्गारचिन्ह तेवढं स्वच्छ आहे.

तो कागद मी पडेगावला आणला. आमच्या फळीवर हिंगाच्या डबीखाली घातलाय. रोज सकाळी चहा ठेवला की मी आधी गच्चीवर जाऊन आभाळ बघून येते, वन्सं तसंच करायच्या, मग मोबाइल उघडते. उजाडलेलं असेल तर दिसतं ते चित्र. मग उष्णतेचं. काल दिवाळीचे पाहुणे परतले, राहिलेल्या डाळीचे सांडगे घालायचेत, आणि आज सकाळी मंजू खालून दोनदा ओरडली, "आई, घालू का नको?" खाली पातेल्यात चहा उकळत होता. दोन्ही चित्रं कोरी होती, आभाळ निळं होतं, कुणीही हो म्हटलं असतं.

"थांब गं," मी म्हटलं, "तिसरं बघायचं राहिलंय."